तक्रारसाहेबांची शिफारस-यादी

मानवजातीचे भवितव्य पुस्तकांत सुरक्षित असते, यावर तक्रारसाहेबांची अढळ श्रद्धा होती. विशेषतः त्यांच्या घरातल्या चारशे बारा पुस्तकांत. मानवजातीतर्फे ती बघायला अद्याप कोणी आले नव्हते, एवढेच.

तक्रारसाहेब हे काही त्यांचे नाव नव्हे. ते पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार कक्षाचे प्रमुख होते, आणि इमारतीत कोणाचा नळ फुसफुसला की लोक त्यांना जिन्यातच गाठत. "तक्रारसाहेब, आमच्याकडे नुसती हवा येतेय." साहेब एका पायरीवर थांबून सगळे ऐकून घेत, "नोंद घेतली" म्हणत आणि पुढची पायरी उतरत. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही नळ उघडून पाहिला नव्हता. घरचा नळ गळायला लागला तेव्हा तो वहिनींनी (साहेबांच्या पत्नीला सगळी इमारत वहिनी म्हणते, आपणही म्हणू) पान्याने आवळला होता, आणि साहेबांनी त्याची नोंद घेतली होती.

पुस्तके होती विज्ञानकथांची आणि उद्याचे जग कसे असेल ते आजच सांगणाऱ्यांची. समुद्राच्या तळाशी वसवलेली शहरे, सूर्य विझायला आल्यावर भरलेल्या सभा, यंत्रमानवाने सोडलेला संसार, सगळे काही. ती ज्या लोखंडी मांडणीवर होती ती मांडणी खात्याच्या भंगारातून आलेली होती; पूर्वी तिच्यावर पाण्याच्या मीटरचे सुटे भाग ठेवत. प्रत्येक पुस्तकाला नोंदणी क्रमांक होता, प्रत्येकाला तपकिरी कागदाचे कव्हर होते. 'कागदाचा अंत' नावाचे एक जाडजूड पुस्तक होते. येत्या वीस वर्षांत जगातून कागद नाहीसा होणार, असे त्यात पस्तीस वर्षांपूर्वी ठासून सांगितले होते. साहेबांनी त्याची विषयसूची तीन प्रतींत करून ठेवली होती.

ही मांडणी बाहेरच्या खोलीतली सबंध भिंत व्यापून होती, आणि भांडणाचे मूळ ती भिंत होती.

वहिनी शाळांचे गणवेश शिवून देत. त्यांचे मोटारीवर चालणारे दणकट शिलाई मशीन स्वयंपाकघरात, ओट्याच्या काटकोनात कोंबलेले होते. आमटीत निळा दोरा निघणे हा त्या घरात अपघात राहिला नव्हता. उजेड नाही, पाय पसरायला जागा नाही, कापड अंथरायचे तर शेगडीवर. आणि बाहेर दोन खिडक्यांच्या मधली, दिवसभर उजेड झेलणारी भिंत मंगळावरच्या लोकांनी अडवून ठेवलेली.

"तीनशे वर्षांनी माणसं काय घालणार आहेत, ते तुमच्या त्या पुस्तकांत असेल," वहिनी म्हणाल्या. "पण सोमवारी सकाळी एकशे वीस मुलांना काय घालायचंय, ते मला बघावं लागतं."

"अगं, ही पुस्तकं म्हणजे नुसती पुस्तकं नाहीत. लोकांना दिशा दाखवणारा—"

"कुठल्या लोकांना?"

या प्रश्नाला साहेबांकडे उत्तर होते, पण त्यात माणूस नव्हता.

वहिनी भांडून दमणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या माप घेऊन कापणाऱ्यांतल्या होत्या. त्यांनी तिथल्या तिथे माप घेतले. "हे बघा. महिनाअखेरपर्यंत घराबाहेरच्या एका माणसानं, तुम्ही सांगितलेलं एक पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचं. आणि चांगलं आहे असं स्वतः सांगायचं. एक माणूस, एक पुस्तक. झालं तर या जन्मात भिंतीचा विषय काढणार नाही. नाही झालं, तर एक तारखेला मशीन बाहेर."

"एकच माणूस?" साहेब हसले. "आठवड्याभरात रांग लागेल."

पहिला मान त्यांनी तळमजल्यावरच्या दंतवैद्याला दिला. 'दंतहीन शतक' या ग्रंथात पुढच्या शतकात माणसाला दातांची गरजच उरणार नाही, असे मोठ्या अभ्यासाने मांडलेले होते. पुस्तक चार दिवसांनी परत आले.

"वाचलंत?" साहेबांनी उत्सुकतेने विचारले.

"मी कुठला वाचतोय! बाहेर बाकावर ठेवलं होतं. दोन पेशंट ते चाळून उठून गेले. म्हणाले, जायचेच आहेत तर आता कशाला भरायचे?" दंतवैद्याने पुस्तक दोन बोटांनी पुढे केले. "साहेब, राग मानू नका, पण याच्याऐवजी एखादं हिरड्यांवरचं आहे का?"

दुसरे पुस्तक तिसऱ्या मजल्यावरच्या कवायतमास्तरांना. मास्तर शाळेतून निवृत्त झाले होते, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. त्यांना 'गुरुत्वाकर्षणाची रजा' दिले. त्यांनी ते उभ्यानेच उघडले, पहिल्या परिच्छेदात माणसे जमिनीवरून तरंगताना पाहिली आणि मिटले. "पाय टेकलेले नाहीत," ते म्हणाले. "शिस्त कशी लावणार?" मग आत येऊन त्यांनी मांडणीसमोर तीन मिनिटे पाहणी केली आणि पुस्तके उंचीप्रमाणे लावण्याचा सल्ला दिला. बुटकी पुढे, उंच मागे.

तिसरे पुस्तक मात्र गाजले. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना साहेबांनी 'सूर्यानंतर' हा सातशे पानी ग्रंथ दिला होता. आठच दिवसांत आजी जिन्यात भेटल्या आणि त्यांच्या तोंडून स्तुती ओसंडत होती. "फार छान रे बाबा तुझं पुस्तक! अगदी हवं तसं. आता झोप कशी शांत लागते!"

साहेब तसेच उलट पावली वर गेले आणि वहिनींना खाली घेऊन आले. साक्षीदार हवा. आजींनी दोघांना आत नेले आणि पलंग दाखवला. त्याचा एक पाय तोकडा होता. पायाखाली 'सूर्यानंतर' होते. पलंग जरासुद्धा हलत नव्हता.

"चांगलं आहे असं म्हणाल्या त्या," साहेब जिना चढताना म्हणाले.

"वाचायचं ठरलंय," वहिनी म्हणाल्या.

निम्मा महिना असा गेला. तेव्हा साहेबांच्या लक्षात आले की चूक पुस्तकांत नाही, पद्धतीत आहे. तोंडी शिफारशीला किंमत नसते. सव्वीस वर्षे ते हेच लोकांना सांगत आले होते: तोंडी सांगू नका, लेखी द्या. लेखी यादी करावी, बारा निवडक ग्रंथ घ्यावेत आणि यादी इमारतीच्या सूचनाफलकावर लावावी.

आता माणूस लिहितो तो हाताने, आणि हाताला सवय असते. खात्यात कुठलाही कागद लिहायची एकच रीत: वर 'विषय', त्याखाली 'सार', त्याखाली 'शिफारस', आणि हे सगळे कशाबद्दल आहे ते अगदी तळाशी 'संदर्भ' म्हणून. साहेबांनी यादी त्या रीतीने लिहिली. कक्षातल्या टंकलेखिकेने ती जेवणाच्या सुट्टीत टंकून दिली. तिच्या यंत्रात नेहमीचा नमुना तयार असायचा, त्यामुळे माथ्यावर 'पाणीपुरवठा खाते, तक्रार कक्ष' हे आपोआप आले. कागद समोर आल्यावर साहेबांनी मान वर न करता त्याच्या माथ्यावर, खात्याच्या नावाशेजारी, सही ठोकली. सही झाली की उजवा हात स्वतःच्या अकलेने शिक्क्याकडे जातो, तो गेला. कागद फार देखणा दिसत होता. साहेबांना भरून आले.

यादीतले पहिले पुस्तक होते 'शेवटचा नळ'. साहेबांचे सर्वांत लाडके.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाताना त्यांनी यादी फलकावर टाचली. फलकावर सोसायटीच्या सेक्रेटरींची सूचना आधीच होती: गाड्या आडव्या लावू नयेत. सोसायटीची सूचना पंधरा दिवस हलवता येत नाही, असा नियम होता आणि तो सेक्रेटरींनीच केलेला होता. साहेब नियम मोडणारे नव्हते. त्यांनी आपली यादी त्या सूचनेच्या मागे सरकवली. वरचा चतकोर भाग बाहेर डोकावत राहिला. बाकीचे लोक वाकून वाचतील, अशी त्यांची समजूत. चांगल्या वाङ्मयासाठी माणसाने थोडे वाकायला हरकत नाही.

तर बाहेर दिसत होते ते एवढेच. खात्याचे नाव. सही. शिक्का. आणि खाली:

'विषय: शेवटचा नळ. सार: शहरातले सगळे नळ एका पहाटे सहा वाजता बंद होतात. ते पुन्हा कधीही सुरू होत नाहीत. वरिष्ठांना हे आधीपासून ठाऊक होते. नागरिकांना कळवलेले नव्हते.'

त्याखाली गाड्या आडव्या लावू नयेत.

कक्षातला टेलिफोन पावणेअकराला वाजला. साहेबांच्याच गल्लीतून कोणी बोलत होते. पाणी बारीक येत होते. साहेबांनी नोंद घेतली. मग दुसरा वाजला. दुपारपर्यंत एकोणचाळीस तक्रारी, सगळ्या त्या एका गल्लीतल्या. पाणी बारीक, मग धार, मग थेंब, मग हवा. साहेबांनी नोंदवही दोनदा पलटली. सव्वीस वर्षांत असा दिवस आला नव्हता. चाळिसाव्या तक्रारीच्या वेळी ते चिडले.

"अहो, पण सगळे एकदम पाणी भरताय तरी का?"

"मग काय करणार? उद्या सहाला बंद होतंय ना कायमचं."

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"सूचना लागलीय शेजारच्या इमारतीत. माझ्या मेहुण्यानं कागदावर लिहून आणलीय."

"कोणा मूर्खाचं काम आहे ते," साहेब म्हणाले. "अशा माणसाला शोधून काढून—"

"खात्याचा शिक्का आहे साहेब! तुमच्याच कक्षाचा. थांबा, वाचूनच दाखवतो." पलीकडून घसा साफ झाला. "वरिष्ठांना हे आधीपासून ठाऊक होते. नागरिकांना कळवलेले नव्हते."

ती वाक्ये साहेबांना कुठेतरी ऐकल्यासारखी वाटत होती. मग फलकावरची आपलीच यादी आठवली आणि धास्ती बसली. पण त्या धास्तीच्या काठावर, अगदी बारीकशी, दुसरीच एक भावना उभी होती.

"वाक्यं छोटी आहेत," ते हळूच म्हणाले. "पण परिणाम होतो, नाही?"

"परिणाम? माझी बायको रडतेय साहेब!"

साहेबांनी नोंद घेतली.

ते संध्याकाळी गल्लीत शिरले तेव्हा गल्लीने भांडी बाहेर काढली होती. पिंप, बादल्या, पातेली, बाळाचा टब, एका घरी फुलदाण्या. कवायतमास्तरांनी जिन्यात माणसांची साखळी उभी केली होती, बुटकी पुढे आणि उंच मागे, आणि "एक-दोन, एक-दोन" या तालावर खालच्या टाकीतून बादल्या वर चढत होत्या. दंतवैद्याने चूळ भरायचे चोवीस पेले काठोकाठ भरून रांगेत मांडले होते. सकाळपासून सगळ्या इमारतींचे पंप एकदम चालू झाल्याने दुपारीच नळ कोरडे पडले होते, म्हणजे सूचना खरी ठरली होती, तीही वेळेच्या सोळा तास आधी. खात्याबद्दल लोकांच्या मनात प्रथमच आदर दिसत होता.

वहिनी दारातच उभ्या होत्या. मागे घरात बादलीभरसुद्धा पाणी साठवलेले नव्हते.

"तू नाही भरलंस?"

"मी वरची सूचना उचलून, खाली वाकून सगळा कागद वाचला," वहिनी म्हणाल्या. "म्हटलं, पुस्तकाची जाहिरात आहे."

"मग सांगायचंस लोकांना!"

"सांगितलं की. कोणी ऐकेना. म्हणाले, वहिनींना साहेबांनी आतून सांगितलंय, म्हणून त्या गप्प बसल्यात." मग त्यांनी अगदी सरळ चेहऱ्याने भर घातली, "अभिनंदन हं. सगळ्या गल्लीनं वाचलं. चार ओळी."

साहेबांनी जिन्यात उभे राहून सर्वांना सत्य सांगितले. हे एक पुस्तक आहे. गोष्ट आहे. पाणी कुठेही जाणार नाही. त्यांना वाटले होते, लोक सुटकेचा निःश्वास टाकतील, हसतील, आणि कोणीतरी, निदान एक जण तरी, म्हणेल की बघू बरे ते पुस्तक.

"म्हणजे उद्या पाणी जाणार नाही?" सेक्रेटरींनी विचारले.

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

"मग हे एवढं भरलेलं काय करायचं?" सेक्रेटरींचा आवाज चढला. "टाकी घासून भरली मी! स्वतः आत उतरून!"

"माझ्या कंबरेचा काटा ढिला झाला रे बाबा," आजी म्हणाल्या. "निदान दोन दिवस तरी घालव पाणी."

दंतवैद्याने दोन दिवसांच्या मागणीला पाठिंबा दिला. मास्तरांचे मत पडले की लोकांची एवढी तयारी वाया घालवणे मनोधैर्याला बरे नाही. गल्लीतल्या सगळ्यांनी साहेबांना सल्ले दिले. कोणी म्हणाले खुलासा लावा, कोणी म्हणाले गावाला जा. पुस्तकाची चौकशी कोणीच केली नाही. साहेबांच्या मनाला हे फार लागले. लेखक इतका समर्थ की त्याच्या चार ओळींनी एक अख्खी गल्ली कोरडी पडते, आणि पाचवी ओळ वाचायची कोणाला इच्छा नाही!

खुलासा लावावा असे त्यांनाही वाटत होते. पण खुलाशाला शिक्का हवा, नाही तर शिक्क्याच्या सूचनेपुढे तो कोण मानणार? शिक्का मारायचा तर जावक क्रमांक हवा. जावक विभागातल्या बाई म्हणाल्या, मूळ सूचनेचा क्रमांक द्या, त्याच्याखाली खुलासा चढवते. मूळ सूचनेला क्रमांकच नव्हता. "मग ती निघालेलीच नाही," बाई म्हणाल्या. "जी सूचना निघालीच नाही तिचा खुलासा कसा काढणार?" साहेबांना हे तत्काळ पटले. त्यांच्या जागी ते असते तर त्यांनीही हेच म्हटले असते.

खात्यात चौकशी साधारणपणे तीन वर्षांनी सुरू होते. ही तिसऱ्या दिवशी सुरू झाली, कारण खात्याचे मोठे साहेब त्याच गल्लीच्या टोकाला राहत होते आणि पाणी गेले त्या क्षणी डोक्याला साबण लावून उभे होते.

चौकशी अधिकारी मलनिस्सारण विभागातून आले. आपल्या विभागाचा माणूस आपली चौकशी करू शकत नाही, असा दंडक आहे. स्वच्छ पाण्याची चौकशी सांडपाण्याने करायची. हे गृहस्थ काटकुळे होते, चष्म्याला दोरी होती, आणि चेहऱ्यावर असा भाव, की जगात वाहून जात नाही असे काही त्यांनी पाहिलेले नाही. त्यांनी कागद दिव्याकडे धरला.

"वरिष्ठांना आधीपासून ठाऊक होते. हा आरोप आहे."

"सार आहे साहेब. पुस्तकाचं."

"ते तुमचं म्हणणं. सार पुस्तकाबरहुकूम आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय मला निष्कर्ष काढता येणार नाही. पुस्तक हजर करा."

महिना संपायला आठ दिवस होते. नोकरीत काय होईल याची साहेबांना धास्ती नव्हती असे नाही. पण ती धास्ती दुसऱ्या नंबरवर होती. घरी वहिनींनी भिंतीचे माप घेऊन ठेवले होते. खडूची एक बारीक खूण मांडणीशेजारी उमटली होती, आणि ती कोणी केली याबद्दल दोघेही बोलत नव्हते. अशा वेळी एकुलते एक आशास्थान पुरावा म्हणून कपाटबंद होणार. साहेबांनी 'शेवटचा नळ'ला नवे कव्हर घातले, धूळ नसताना पुसले आणि नेऊन दिले. "जपून," ते म्हणाले. "शिवण नाजूक आहे."

"पुराव्याची काळजी खातं घेतं," अधिकारी म्हणाले.

पुढची सुनावणी महिन्याच्या शेवटच्या दिवशी होती. साहेब आत गेले तेव्हा अधिकाऱ्यांच्या समोर पुस्तक होते आणि त्यातून कागदाच्या वीसेक पट्ट्या बाहेर आल्या होत्या. त्यांचे डोळे तांबारलेले होते.

"तुमचं सार सदोष आहे," ते म्हणाले.

साहेबांनी मान खाली घातली.

"नळ बंद होतो, हे लिहिलंत. पण पान एकशे त्रेचाळीसवरची ती पंपवाली बाई कुठाय? ती एकटी रोज जाऊन कोरडा पंप साफ करते, तेल घालते. सारात तिचा उल्लेखसुद्धा नाही?"

साहेबांनी मान वर केली. "जागा नव्हती साहेब."

"तिला जागा नव्हती?" अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "परवा मी बसमध्ये ते पान वाचत होतो. माझा थांबा गेला. त्यानंतरचे चार थांबे गेले. बस आगारात गेली. एकवीस वर्षांच्या सेवेत मला पहिला उशिराचा शेरा मिळाला."

साहेबांच्या छातीत काहीतरी फुगू लागले, पण त्यांनी ते आवरले. काम अर्धेच झाले होते.

"म्हणजे आपण शेवटपर्यंत वाचलंत?"

"दोनशे शहाऐंशी पानं. परिशिष्टासह."

"आणि... आवडलं?"

अधिकारी ताठ झाले. "चौकशी अधिकाऱ्याला आवडण्याचा अधिकार नाही."

झाले! भिंत हातभर अंतरावर येऊन थांबली. साहेबांनी खिशातून रुमाल काढला, घाम पुसला, आणि सव्वीस वर्षांची नोकरी पणाला लावून विचार केला. माणूस तोंडी बोलत नसेल तर काय करायचे? हे त्यांनी हजारो नागरिकांना सांगितले होते. त्यांनी कोरा कागद मागून घेतला आणि लिहिले: 'विषय: पुस्तकाचा दर्जा. सदर पुस्तक चांगले आहे अगर कसे, याबाबत आपले मत कळावे, म्हणजे अर्जदारास बचाव मांडणे सोयीचे होईल.' सही केली. हात शिक्क्याकडे निघाला होता, तो त्यांनी दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

लेखी प्रश्न म्हटल्यावर अधिकाऱ्यांचा चेहरा मोकळा झाला. लेखी प्रश्नाला लेखी उत्तर देणे भागच असते. त्यांनी कागद पुढे ओढला, बराच वेळ खिडकीबाहेर पाहिले आणि एक ओळ लिहिली.

'पुस्तक पूर्ण वाचले. चांगले आहे.'

त्याखाली सही, शिक्का आणि जावक क्रमांकही. साहेबांनी त्याची खरी नक्कल मागितली. नक्कल विभाग चारला बंद होतो. साहेब चारला दोन मिनिटे कमी असताना तिथे पोचले, आणि वाटेत त्यांना धावताना कक्षातल्या टंकलेखिकेने पाहिले. ती आजही ते सांगते, आणि कोणी तिच्यावर विश्वास ठेवत नाही.

घरी वहिनी स्वयंपाकघरात मशीनवर होत्या. साहेबांनी नक्कल शेगडीवर अंथरलेल्या कापडावर ठेवली आणि हात मागे बांधून उभे राहिले. वहिनींनी मशीन थांबवले. कागद वाचला. उलटून मागची बाजू पाहिली. शिक्क्यावरून अंगठा फिरवला.

"बाहेरचाच माणूस आहे ना हा?"

"मलनिस्सारण विभागातला."

"ओळखीचा नाही?"

"माझ्यावर आरोपपत्र ठेवतोय तो!"

वहिनींनी कागद घडी घालून परत दिला. "ठीक आहे. शब्द म्हणजे शब्द. या जन्मात भिंतीचा विषय नाही." त्यांनी मागे ओट्याला पाठ टेकवली, जरा सरळ केली आणि पुन्हा कापड सुईखाली सरकवले. साहेबांना वाटले काही बोलावे. पण विजयी माणसाने काय बोलायचे ते कुठल्याच पुस्तकात आले नव्हते. त्यांनी बाहेर जाऊन ओल्या फडक्याने भिंतीवरची खडूची खूण पुसली. त्या रात्री त्यांच्या आमटीत निळा दोरा निघाला, आणि तो त्यांनी न बोलता ताटाच्या कडेला ठेवला.

पुढच्या सोमवारी मलनिस्सारण विभागाचा शिपाई दारात उभा राहिला. हातात पत्र होते. मूळ सूचनेत एकूण बारा पुस्तकांचे सार असून त्यांपैकी एकाचीच तपासणी झाली आहे. तरी उर्वरित अकरा पुराव्यादाखल सादर करावीत. पत्राच्या तळाशी शाईने, वेगळ्या हातासारखे, लिहिले होते: 'आधी कोणते पाठवावे, याबाबत आपली शिफारस सोबत जोडावी.'

साहेबांनी ते पत्र तीन वेळा वाचले. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्यांना पुढचे पुस्तक विचारले होते.

त्यांनी अकरा पुस्तके पुसली, बांधली, क्रम लावला. 'सूर्यानंतर' आजींच्या पलंगाखालून सोडवून आणले; त्याच्या जागी आजींना लाकडी ठोकळा करून दिला. आजी म्हणाल्या, पहिल्यात जी मजा होती ती यात नाही.

अकरा संपल्यावर तुलनेसाठी आणखी तीस मागवण्यात आली. मग शिपाई दर सोमवारी रिकामी पिशवी घेऊन येऊ लागला आणि साहेब ती भरून देऊ लागले, प्रत्येक पुस्तकासोबत शिफारशीचा एक परिच्छेद, पंपवाल्या बाईसारखे कोणी वगळले जाणार नाही अशा बेताने लिहिलेला. शिपाई सांगे, तिकडचा लघुलेखक पुरावा डब्याबरोबर वाचतो, कारकून नंबर लावतात, आणि दुसऱ्या मजल्यावर मंगळावर पाणी मिळेल की नाही यावरून दोन अभियंते एकमेकांशी बोलत नाहीत. तो स्वतःही एकशे सहावा पुरावा जिन्यात बसून वाचत होता. "शेवट सांगू नका हं साहेब," तो म्हणाला. शहरात दोन ठिकाणी गटारे तुंबली ती याच सुमारास. पण त्या तक्रारी वेगळ्या कक्षात जातात.

साहेब जिन्यातून आता निराळेच चढत. "काय साहेब, चौकशी चालूय म्हणे अजून?" सेक्रेटरी खोचकपणे विचारत, आणि साहेब अर्धवट डोळे मिटून म्हणत, "एकशे चाळिसाव्या ग्रंथावर आलीय." निलंबनाच्या छायेत वावरणारा इतका तृप्त माणूस त्या इमारतीने पाहिला नव्हता. दंतवैद्याने तर एक दिवस हळूच विचारलेही, की ते दातांचे परत मिळेल का, शेवट राहून गेला होता. साहेबांनी त्याला नियमाप्रमाणे सांगितले: सध्या पुराव्यात आहे, अर्ज करा.

चौकशी संपेपर्यंत पुरावा परत करता येत नाही. आणि पुरावा वाढत असल्याने चौकशी संपत नाही. वर्ष सरता सरता शेवटचे पत्र आले: पुरावे जमिनीवर ठेवावे लागत असून त्यांना वाळवी लागण्याची भीती आहे, तसेच अर्जदाराच्या घरी असलेली लोखंडी मांडणी मूळची खात्याचीच असल्याचे जुन्या नोंदीवरून दिसते, तरी ती पाठवावी. चौघांनी ती जिन्यावरून उतरवली. मास्तरांनी ताल दिला. साहेब पुढे होते, आणि वळणावळणावर "जपून, जपून" म्हणत होते.

वहिनींनी दिलेला शब्द पाळला. भिंतीचा विषय त्यांनी आजतागायत काढलेला नाही.

शिलाई मशीन तिथे ठेवले आहे. उजेड चांगला येतो.